रात्री वॉर्डात एकच सिस्टर का?

रुग्णालयाच्या कामकाजाबद्दल वाचकांचे प्रश्न, निवृत्त मेट्रनची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांचा सूर एकच आहे: दवाखान्यात माणसं नाहीत. कुणी ते खाटेशेजारच्या स्टुलावर बसून लिहिलंय, कुणी वॉर्डातून, आणि एक पत्र तर थेट व्यवस्थापकांच्या केबिनमधून आलंय. पत्रं आटोपशीर करून छापली आहेत. उत्तरं मात्र मला आटोपशीर देता येत नाहीत, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

प्रश्न: माझे वडील तीस खाटांच्या जनरल वॉर्डात होते. ऑफिसात चौकशी केली तर सांगितलं, ‘या वॉर्डाला दहा नर्सेस आहेत.’ रात्री बघावं तर एकच सिस्टर इकडून तिकडे पळतेय. मग बाकीच्या नऊ जणी असतात कुठे?
– एक मुलगी

उत्तर: काही दुसऱ्या पाळीत, बाकीच्या घरी. आणि तरीही त्यातली एकही कामचुकार नाही. हिशेब मांडूनच दाखवते. हा हिशेब मी उभ्या नोकरीत रोस्टरच्या (कुणाची ड्युटी कधी, त्या वेळापत्रकाच्या) वहीत मांडत आले आणि वरच्या ऑफिसला तो कधी पटला नाही. निदान तुम्हाला पटेल.

तीस खाटांना सकाळी चार, दुपारी तीन आणि रात्री दोन नर्सेस धरू. हे प्रमाण चांगलं नाही, जेमतेम आहे, पण धरू. म्हणजे दिवसाला नऊ ड्युट्या, वर्षाला ३,२८५. आता एक नर्स वर्षात किती ड्युट्या करते ते पाहा. ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा करा. तीस दिवस हक्काची रजा, दहा सार्वजनिक सुट्ट्या, दहा दिवस आजारपण, पाच दिवस प्रशिक्षण. उरले २५८. देशागणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण ३,२८५ ला २५८ ने भागलं की येतात पावणेतेरा. म्हणजे या वॉर्डाला तेरा नर्सेस हव्यात. ‘आमच्याकडे दहा आहेत’ हे उत्तर ऐकायला भरभक्कम वाटतं, पण दहा जणी मिळून २,५८० ड्युट्या भरतात. ७०५ रिकाम्या राहतात. रोज जवळजवळ दोन.

या दोन ड्युट्या कापायच्या कुठे? सकाळच्या कापता येत नाहीत, कारण तेव्हा राउंड असतो, ऑपरेशनचे पेशंट तयार करायचे असतात, साहेब लोक फिरत असतात. म्हणून एक दुपारची जाते आणि एक रात्रीची. तुम्ही पाहिलेली एकटी सिस्टर ती हीच.

यात अजून कुणी राजीनामा दिलेला नाही, कुणी बाळंतपणाच्या रजेवर नाही, कुणाच्या घरी म्हातारं माणूस पडलेलं नाही. सगळ्या जागा भरलेल्या असतानाची ही कमतरता आहे. शिवाय त्या दहांत इन्चार्ज सिस्टरही मोजलेली असते, आणि तिची सकाळ इंडेंट (सामानाची मागणी), स्टोअर, रोस्टर आणि तक्रारी निस्तरण्यात जाते. पेशंटला तिचे हात फारसे लागत नाहीत.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मंजूर पदं ठरतात ती खाटा मोजून, आणि खाटेवरचं काम मात्र मधल्या काळात पार बदललं. मी नोकरीला लागले तेव्हा हर्नियाचा पेशंट आठवडाभर राहायचा. पहिले दोन दिवस त्याची काळजी, पुढचे दिवस तो स्वतः उठून शेजारच्याला पाणी देत असे. असे पाच-सहा बरे होत आलेले पेशंट वॉर्डात असायचे म्हणून एका सिस्टरला रात्र निभावता यायची. आता तोच पेशंट एक-दोन दिवसांत घरी जातो आणि त्याच खाटेवर ताजा, जास्त आजारी माणूस येतो. खाटा तीसच, पण प्रत्येक खाटेवर कायम कठीण दिवसच चालू असतात. त्यात ॲडमिशन आणि डिस्चार्ज ही वॉर्डातली सगळ्यात वेळखाऊ कामं, आणि तीच वाढली. मंजूर पदांचा आकृतिबंध जुना, आजार नवे.

प्रश्न: माझी मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झाली. पहिली-दुसरी यायची. दोन वर्षांच्या आत वॉर्ड सोडला आणि आता आरोग्य विम्याच्या कंपनीत क्लेमचे कागद तपासते. आजच्या मुलांना कष्ट नकोत, असं तिचे वडील म्हणतात. मला तसं वाटत नाही, पण ती काही बोलतही नाही. तुम्हाला काय वाटतं?
– एक आई

उत्तर: तुम्हाला वाटतं तेच मला वाटतं. आणि ती का बोलत नाही, याचाही अंदाज आहे.

तिची एक रात्र मांडून बघा. तीस पेशंट. प्रत्येकाचं टेम्परेचर, नाडी, बीपी घेऊन लिहायला चार मिनिटं धरली तरी दोन तास गेले. दहाच्या औषधांची ट्रॉली. बाराएक जणांना शिरेतून ॲन्टिबायोटिक. ती पावडर पाण्यात नीट विरघळवायची, नाव-डोस पुन्हा वाचायचा, आणि सावकाश सोडायची, कारण घाईत ढकललं तर शीर सुजते. तिथे दीड तास. ऑपरेशन होऊन आलेले दोघं, त्यांना दर तासाला बघायचं. मध्येच कॅज्युअल्टीतून नवं ॲडमिशन आलं की पाऊण तास त्याचा. सलाइन संपल्याच्या हाका वेगळ्या. पहाटे रक्ताचे नमुने, लघवीच्या पिशव्यांची मोजणी, इनटेक-आउटपुटची (शरीरात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या द्रवाची) बेरीज, सकाळची औषधं. बेरीज करत गेलात तर रात्र संपते आणि काम उरतं.

मग काहीतरी गळतं. गळतं ते कुठलं? इंजेक्शन गळत नाही, कारण ते चार्टवर विचारलं जातं. गळतं ते बेशुद्ध पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलणं, तोंडाची स्वच्छता, घाबरून जाग्या राहिलेल्या बाईशी दोन मिनिटं बोलणं, म्हाताऱ्या माणसाला धरून संडासापर्यंत नेणं. अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक बिएट्रिस कॅलिश यांनी २००६ साली नेमका याच गोष्टींचा अभ्यास केला: नर्सिंगची राहून गेलेली कामं. कूस बदलली नाही की पाठीला जखम होते. जखम झाली की मुक्काम लांबतो, रोजचं ड्रेसिंग वाढतं, आणि ते करायला पुन्हा तीच सिस्टर. कमी माणसांमुळे काम वाढतं, ते असं.

तुमची मुलगी हुशार होती. कुशीवर कधी वळवायचं, का वळवायचं, हे तिने चार वर्षं शिकून परीक्षेत लिहिलं होतं. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीच्या हाती वॉर्ड सोपवताना, आपण काय केलं नाही, हे तिच्याइतकं स्वच्छ कुणालाच माहीत नसणार. ज्याला कामातलं कळत नाही तो अशा वॉर्डात वर्षानुवर्षं सुखाने राहू शकतो. ज्याला कळतं त्याला झोप लागत नाही. मार्लीन क्रेमर या अमेरिकन नर्सने १९७४ साली नव्याने कामाला लागलेल्या नर्सेसवर पुस्तक लिहिलं, ते शिकलेलं आणि वॉर्डात घडणारं यांच्यातल्या याच धक्क्याबद्दल. म्हणजे तेव्हाची पिढीसुद्धा हेच सांगत होती. तिच्या वडिलांना हे साल जरूर सांगा.

आणि आकडेही आहेत. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. दर नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशनच्या पेशंटांमध्ये तीस दिवसांच्या आत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती, आणि नर्स पार गळून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. ज्या नर्सेस अशा थकलेल्या आणि नोकरीवर नाराज होत्या, त्यांच्यातल्या ४३ टक्के वर्षभरात सोडायच्या विचारात होत्या. ज्यांची ही अवस्था नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण ११ टक्के. शिक्षण तेच, पेशा तोच. फरक होता तो वॉर्डाचा.

एक जण गेली की तिचे पेशंट उरलेल्यांत वाटले जातात, मग दुसरी जाते. राजीनामे एकेकटे येत नाहीत. एका महिन्यात तीन आले की इन्चार्ज सिस्टरचा चेहरा बघवत नाही.

मुलीला पुन्हा वॉर्डात जा म्हणून आग्रह करू नका. आणि ‘सोडलंस’ असंही म्हणू नका.

प्रश्न: आपण शिकवायचं आणि श्रीमंत देशांनी तयार नर्सेस उचलून न्यायच्या, हेच तुटवड्याचं मूळ नाही का? सरकारांनी त्यांना काही वर्षं बाहेर जायला बंदी का करू नये?
– एक निवृत्त शिक्षक

उत्तर: सर, अर्धं बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे २ कोटी ९८ लाख नर्सेस आहेत आणि ५८ लाख कमी पडतात. त्यातही वाटणी अशी, की ७८ टक्के नर्सेस ज्या देशांत आहेत तिथे जगाची निम्मीच लोकसंख्या राहते. दर सात नर्सेसमधली एक जन्मली एका देशात आणि काम करते दुसऱ्या देशात. श्रीमंत देशांची लोकसंख्या म्हातारी होत चालली, त्यांना माणसं जास्त लागतात, आणि स्वतः शिकवण्यापेक्षा शिकलेली आणणं स्वस्त पडतं. चार वर्षांचा खर्च गरीब देशाने करायचा, पुढची तीस वर्षं दुसऱ्याने वापरायची, हा सौदा अन्यायाचा आहेच.

याला आळा घालायला २०१० मध्ये जागतिक आरोग्य सभेने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी आचारसंहिता मंजूर केली. २०२३ च्या यादीत ५५ देश असे आहेत की जिथे माणसांची आधीच इतकी टंचाई आहे की तिथून ठरवून भरती करू नये. पण संहिता ऐच्छिक आहे. पाळली तर पाळली.

बंदीबद्दल मात्र माझं मत तुमच्या उलट आहे. ज्या वॉर्डात राहवत नाही त्याचं दार बाहेरून लावून घेतलं, तर माणसं वॉर्डात थांबत नाहीत, पेशा सोडतात. मागच्या पत्रातली मुलगी परदेशी गेली नाही, शेजारच्या इमारतीत गेली. तिची मोजणी स्थलांतरात होत नाही. आणखी एक विचित्र प्रकार अनेक देशांत दिसतो: इकडे रुग्णालयांत जागा रिकाम्या, तिकडे शिकलेल्या नर्सेस घरी बसलेल्या, कारण सरकारकडे पदं भरायला पैसे नाहीत किंवा भरतीची फाइल अडकलेली. अशा मुलीला परदेशाचं पत्र आलं तर तिने काय करावं असं आपण म्हणणार?

प्रश्न: मग कॉलेजं वाढवावीत. सोपं उत्तर आहे.
– नाव नाही

उत्तर: सोपं आहे, म्हणूनच सगळे देतात. नर्स वर्गात तयार होत नाही, खाटेपाशी होते. एका पेशंटभोवती पंधरा विद्यार्थिनी उभ्या केल्या तर पहिल्या दोघींना दिसतं आणि बाकीच्या आळीपाळीने भिंतीला टेकतात. त्यांच्या शेजारी उभं राहून शिकवायला जुन्या, कसलेल्या सिस्टर हव्यात, आणि सोडून जाणाऱ्यांत त्याही आहेत. शिक्षिका होण्यासाठी आणखी शिकायचं आणि पगार वॉर्डापेक्षा फारसा वाढत नाही, म्हणून तिकडेही जागा रिकाम्या.

इंग्लंडने २०१७ मध्ये नर्सिंगच्या नव्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती बंद करून त्यांना कर्ज घ्यायला लावलं, हेतू हा की जागा वाढवता येतील. अर्ज लगेच घटले, विशेषतः वयाने मोठ्या, संसार सांभाळून शिकू पाहणाऱ्या बायकांचे. २०२० मध्ये पुन्हा अनुदान द्यावं लागलं.

जुन्या काळी तुटवडा कमी का जाणवायचा, याचं एक कारण आम्ही नर्सेस आपसात बोलतो पण छापून फार येत नाही. शिकलेल्या मुलीला तेव्हा दोनच दारं उघडी होती, शाळा आणि दवाखाना. त्यामुळे रुग्णालयांना हुशार बायका स्वस्तात मिळत गेल्या आणि त्यांनी तसाच हिशेब बसवला. आज जगातल्या नर्सेसपैकी सुमारे ८५ टक्के स्त्रियाच आहेत, पण त्यांना बँक, संगणक, कायदा, सगळं खुलं आहे. रुग्णालयं मात्र अजून जुन्याच भावाने बसली आहेत.

प्रश्न: मी वॉर्डबॉय आहे. सगळीकडे नर्सेसच्या तुटवड्यावर लिहून येतं. आमच्यात तिघांच्या जागी एकच जण आहे. ठेकेदार दर अकरा महिन्यांनी ब्रेक देतो, नोकरी सलग धरली जाऊ नये म्हणून. आमच्याबद्दल कोणी का लिहीत नाही?
– एक वॉर्डबॉय

उत्तर: दादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि तुमच्याशिवाय वरची सगळी उत्तरं अपुरी आहेत.

वॉर्ड बंद पडतो तो बहुतेक वेळा तुमच्या गैरहजेरीत. पेशंटला एक्स-रेला न्यायला माणूस नाही म्हणून सिस्टरच ट्रॉली ढकलते. ती लिफ्टपाशी थांबली आहे तोवर वॉर्डात कुणी नाही. मावशी आल्या नाहीत की बेडपॅन तीच देते. रक्तपेढीतून पिशवी आणायला धाव तिचीच, ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायला पाना शोधायचा तो तिनेच. नर्सेसच्या कामाचा मोठा वाटा हा असा दुसऱ्यांच्या रिकाम्या जागांनी भरलेला असतो. मग कोणीतरी बाहेरून येतो, पाहणी करतो आणि अहवालात लिहितो, ‘नर्सेस कमी आहेत.’ अहो, कधी कधी ट्रॉलीवाले कमी असतात!

व्यवस्थापनाला ही कपात सोपी वाटते, कारण ती ताबडतोब दिसत नाही. कंत्राटावर माणूस घेतला की तो कुणाच्या मंजूर पदांत मोजला जात नाही. सोडून गेला तर रिकामी जागाही कुठे नोंदली जात नाही. ठेकेदाराने उद्या दुसरा पाठवला, हिशेब पुरा. पण पेशंटला खाटेवरून स्ट्रेचरवर घेताना मान कशी धरायची, मोडलेल्या पायाखाली हात कुठे द्यायचा, ऑपरेशन थिएटरचा कचरा कुठल्या रंगाच्या पिशवीत जातो, कॅथेटरची पिशवी पेशंटच्या वर का उचलायची नाही, हे हाताला बसायला महिने लागतात. ते बसलं की ब्रेकची तारीख येते. माझ्या वॉर्डात एक मामा होते, सलाइनच्या स्टँडचं चाक कुरकुरलं तरी ते कुठल्या खाटेपाशी आहे ते अंधारात सांगायचे. असा माणूस नवीन जाहिरात देऊन मिळत नाही.

कोविडमध्ये तर फरक उघडाच पडला. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात सुमारे १ लाख १५ हजार आरोग्य कर्मचारी मृत्युमुखी पडले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. टाळ्या सगळ्यांना मिळाल्या. कायम नोकरी किती जणांना मिळाली, ते तुम्हीच सांगा.

ब्रेकबद्दल एक व्यवहाराची गोष्ट: नेमणुकीचे, पगाराचे, लसीकरणाचे सगळे कागद जपून ठेवा, आणि सुई टोचली, पाठ भरली तर त्याच दिवशी लेखी नोंद करायला लावा. तोंडी सांगितलेलं ठेकेदार बदलला की पुसलं जातं.

प्रश्न: एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाचा व्यवस्थापक आहे. जाहिरात देतो, मुली मुलाखतीला येतात, रुजू होत नाहीत. रुजू झाल्या तर टिकत नाहीत. पगार आजूबाजूच्या रुग्णालयांइतकाच आहे. आमचं चुकतं कुठे?
– एक व्यवस्थापक

उत्तर: ‘आजूबाजूच्यांइतकाच’ यातच उत्तर आहे, साहेब. परिसरात मोजकीच रुग्णालयं, सगळी एकमेकांकडे बघून पगार ठरवणार. नर्सने जायचं कुठे? अर्थशास्त्रज्ञ याला मोजक्या खरेदीदारांचा बाजार म्हणतात, आणि नर्सिंग हे त्यांचं आवडतं उदाहरण आहे. एक नवी नर्स मिळवायला पगार वाढवायचा तर असलेल्या पन्नास जणींचाही वाढवावा लागतो, म्हणून मालकाला जागा रिकामी ठेवणंच परवडतं. रिकाम्या जागेचा पगार वाचतो. वर्षअखेरीला ती बचत ताळेबंदात दिसते. आणि वॉर्डात पाठीला झालेल्या जखमा कुठल्या ताळेबंदात दिसतात?

तुम्ही म्हणाल, पैसे नसतात. तर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचं उदाहरण घ्या. तिथे २०१६ पासून ठरावीक सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत दिवसा चार पेशंटमागे एक नर्स आणि रात्री सात पेशंटमागे एक, असं कायद्याने बांधून दिलं. २०२१ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला: मृत्यू कमी, मुक्काम कमी, पुन्हा भरती होणं कमी, आणि त्यातून टळलेला खर्च वाढीव नर्सेसच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त. कॅलिफोर्नियाने असा कायदा १९९९ मध्ये केला आणि २००४ पासून लागू केला. अतिदक्षता विभागात दोन पेशंटमागे एक नर्स, त्याहून जास्त पेशंट द्यायचेच नाहीत. तेव्हा तिथली रुग्णालयं बुडतील अशी ओरड झाली होती.

कायद्याची वाट न बघता करण्यासारखंही आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत असाच तुटवडा असताना तिथल्या नर्सिंग अकादमीने उलटा प्रश्न विचारला: सगळीकडे माणसं जातायत, मग काही ठिकाणी टिकतात कशी? अशी ४१ रुग्णालयं निवडली. तिथे सापडलं ते काही भव्यदिव्य नव्हतं. वॉर्डातले निर्णय नर्सेस घेत होत्या, मेट्रनच्या शब्दाला वरच्या बैठकीत वजन होतं, वेळापत्रकात थोडी लवचिकता होती, डॉक्टर त्यांच्याशी सहकाऱ्यासारखे बोलत होते.

तुमच्या रुग्णालयात मी आधी रोस्टर बघेन. ते किती दिवस आधी लागतं? रविवारी रात्री सोमवारची ड्युटी कळत असेल तर कोणतीही आई तुमच्याकडे टिकणार नाही. नाइट संपवून घरी गेलेल्या मुलीला दुपारी फोन करून ‘आज दुपारचीही कर ना, कुणी नाही’ असं किती वेळा म्हणता? पहिल्या वेळी ती येते. नंतर फोन सायलेंटवर ठेवते. आणि मग अर्ज टाकते. ड्युटी संपल्यावर ओव्हर देण्यात जाणारा अर्धा-पाऊण तास तुम्ही कामात धरता का? बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. महिन्याला दीड-दोन ड्युट्या होतील एवढे तास त्या तुम्हाला फुकट देत असतात, आणि वर उशिरा आल्या की लाल शेरा तुमचाच.

राजीनामा देणाऱ्या मुलीशी एकदा चहा घ्या. केबिनमध्ये बोलावू नका, तिथे ती ‘घरगुती कारण’च लिहील.

प्रश्न: नर्सेस नातेवाइकांवर खेकसतात. तुटवडा असला म्हणून उद्धटपणा चालतो का?
– एक त्रस्त नातेवाईक

उत्तर: चालत नाही. मी अशांना बोलावून झापलंय. पण दुसरी बाजूही ऐका: जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार ८ ते ३८ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीच्या काळात कधी ना कधी मारहाण सोसावी लागते. शिवीगाळ यात धरलेली नाही. रात्री एकटी असलेली बाई आणि खाटेभोवती सहा चिडलेली माणसं, हे चित्र मी पुष्कळदा पाहिलंय. मार खाल्लेली मुलगी सहसा तक्रार करत नाही, ड्युटी बदलून मागते, आणि नाही मिळाली तर जाते.

प्रश्न: रोबोट आणि एआय आल्यावर हा प्रश्न सुटेल का?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी

उत्तर: लिहिण्याचं काम कमी केलंत तर तुमचे पाय धरीन. आजवर आलेल्या बहुतेक यंत्रांनी मात्र लिहिणं वाढवलंय. आधी कागदावर एकदा लिहायचो, नंतर कागदावर आणि संगणकावर असं दोनदा. कूस बदलणारं यंत्र बनवा, पहिली मागणी माझी.

प्रश्न: बारावी झाले आहे. नर्सिंगला जायचं आहे. घरचे नको म्हणतात. तुमचं सदर वाचून आईचा विरोध आणखी वाढेल अशी भीती वाटते. मी जाऊ की नको?
– एक विद्यार्थिनी

उत्तर: जा. जगात २०३० सालीही सुमारे ४१ लाख नर्सेस कमी पडतील असा अंदाज आहे, तेव्हा काम मिळण्याची चिंता करू नकोस. चिंता करायची ती कुठे मिळतं याची.

कॉलेज निवडताना त्यांचं स्वतःचं रुग्णालय आहे का आणि तिथे खरोखर पेशंट असतात का, ते बघ. इमारत बघू नकोस. नोकरीच्या वेळी पगार विचारशीलच. त्याबरोबर रात्री एका नर्सकडे किती पेशंट असतात, पुढच्या महिन्याचं रोस्टर कधी लागतं, आणि कुणी आजारी पडलं तर तिच्या जागी कोण येतं, हेही विचार. शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर समज, उत्तर ‘कुणी नाही’ असं आहे. मात्र हे मुलाखतीच्या टेबलावर विचारू नकोस, तिथे सगळीकडे सगळं उत्तम असतं. दुपारी तीनच्या सुमारास वॉर्डात जा आणि इन्चार्ज सिस्टरला विचार. ती कामात असेल. थोडं थांबावं लागेल.